भैरंग उठेपर्यंत

आमचा गेम खेळणाऱ्यांपैकी रोज कुणी ना कुणी मला शिव्या घालतं. शेवटची लढाई होते, दुष्ट सेनापती भैरंग वेशीत पडतो, आणि त्यानंतर स्क्रीनवर काहीच होत नाही. कुठलंही बटण दाबा, नायक जागचा हलत नाही. नगारे नाहीत, आतषबाजी नाही, 'तुम्ही जिंकलात' नाही. नुसता पडलेला भैरंग आणि वेशीतली धूळ. लोकांना वाटतं गेम अडकला. मग ते मला लिहितात, 'मॅडम, एवढं साधं जमत नसेल तर गेम काढता कशाला?' आता एकेकाला काय सांगू? गेम अडकलेला नाही. भैरंग उठला की तो पुढं जातो. भैरंग कधी उठणार हे मात्र मलाही माहीत नाही, आणि तो सगळा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलाय! ज्या माणसामुळं हे ऐकून घ्यावं लागतं, त्याच्यावरचा राग एकदाचा कागदावर उतरवावा म्हणून बसले आहे.

नांदेडला एका कूलरच्या दुकानावर आमचं ऑफिस. माणसं तीन. प्रोग्रॅमिंग माझं, चित्रं अर्चनाची आणि गोष्ट सरांची. सर आमच्या दोघींपेक्षा बरेच मोठे. कंधारच्या पुढच्या एका खेड्यातले, आणि आधी एका खाजगी शाळेत मराठी शिकवायचे. ती नोकरी का सुटली, हे मी त्यांना घेताना विचारलं होतं. गॅदरिंगच्या नाटकात त्यांनी संस्थाचालकांच्या नातवाला राजा न करता झाड केलं होतं. 'मी त्याला विचारलं, तो म्हणाला मला झाड व्हायचंय,' असं सर अगदी साधेपणानं म्हणाले. मला तेव्हा ते फार गोड वाटलं. त्याच वेळी हात जोडून त्यांना परत पाठवायला हवं होतं.

पहिला त्रास खुर्चीचा. सर एका जागी दोन दिवस बसत नसत. जागा ठरली की माणूस ठरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं सकाळी ऑफिसात यावं तर माझ्या खुर्चीवर सर, खुर्ची खाली केलेली, स्क्रीन वाकडा, आणि माऊस डाव्या हाताला. सर डावखुरे नव्हते. डाव्या हातालाही संधी मिळावी म्हणून तसं करायचे. मी उठा म्हणाले की लगेच उठायचे, वाद कधीच नाही, आणि जाऊन अर्चनाच्या खुर्चीवर बसायचे. मग ती ओरडायची. अशी आमची रोजची दहा वाजताची प्रार्थना.

नाश्त्याला खाली हॉटेलात जावं तर तिथं वेगळा तमाशा. सर काही मागवायचेच नाहीत. वेटरला विचारायचे, "तुला काय आणावंसं वाटून राहिलं?" तो पोऱ्या आधी हसायचा, मग गोंधळायचा, मग वैतागायचा. बाकीची गिऱ्हाईकं खोळंबलेली. एकदा त्यानं रागानं नुसतीच बशीभर मिरची आणून ठेवली. सरांनी ती खाल्ली. डोळ्यांतून पाणी, कानातून वाफा, पण तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं न विचारता मुरमुऱ्यांची सुशीला आणली, वरून शेंगदाणे जास्तीचे घालून, आणि सरांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. आम्ही दोघी खाली मान घालून चहा पीत होतो.

आता गेमची गोष्ट. ती मीच ठरवलेली, आणि अगदी सरळ होती. एका राज्यात भविष्यवाणी असते की मेंढपाळाचा मुलगा तलवार घेऊन येईल आणि भैरंग नावाच्या दुष्ट सेनापतीला राजधानीच्या वेशीत ठार करेल. मेंढपाळाचा मुलगा म्हणजे खेळणारा. वाटेत एक म्हातारी त्याला औषधाची मुळी देते आणि मरते, वेशीवरचा पहारेकरी त्याला 'पुढं धोका आहे' म्हणून सांगतो, शेवटी भैरंग मरतो, संपलं. सरांनी फक्त प्रत्येकाच्या तोंडी चार बरी वाक्यं घालायची होती. त्यांनी काय केलं, तर पहारेकऱ्याला घरी पाठवलं. अंधार पडल्यावर एखादा खेळणारा वेशीपाशी पोचला की पहारेकरीच नाही, म्हणून दार उघडत नाही, म्हणून गेम ठप्प. चूक कुठं आहे ते शोधण्यात माझा आख्खा आठवडा गेला. शेवटी सर म्हणाले, "ताई, त्याची ड्यूटी संपली ना. त्याला घर हाय, बायको हाय. चोवीस तास एकच वाक्य बोलत उभा ऱ्हायला तो काय तुमचा गुलाम हाय का?"

म्हातारीचं तर त्याहून वाईट. ती मेल्याशिवाय नायकाला चीड येत नाही, आणि चीड आल्याशिवाय तो गाव सोडत नाही. इतकं साधं गणित. सर ऐकेनात. "ती एवढ्यात मरत न्हाई. तिच्या कुरडया व्हायच्यात अजून." खरंच त्यांनी तिला कुरडया घालायला बसवली. खेळणारा तिच्याशेजारी बसून चीक हलवू शकतो, एवढंही अर्चनाकडून करून घेतलं. चाचणीसाठी आम्ही कॉलेजची पोरं बोलावली होती, ती तलवारबिलवार टाकून म्हातारीशेजारीच बसून राहिली. एक जण म्हणाला, सगळ्यात भारी जागा हीच आहे. सर नुसते माझ्याकडं पाहत राहिले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

मी लातूरची. आमच्याकडं दहावीच्या निकालाच्या दिवशी पोराला एकच प्रश्न असतो, डॉक्टर की इंजिनिअर, आणि त्याचंही उत्तर मामा देतात. हे मी कधीतरी हसत हसत सरांना सांगितलं, ही माझीच चूक. त्यानंतर माझा प्रोग्रॅम चुकला की ते मायेनं म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या ताई. तुम्हाला तरी कुणी इचारलं होतं?" मला हे काम मनापासून आवडतं, असं मी किती वेळा सांगितलं. ते मान हलवायचे, आजाऱ्याचं ऐकून घेतात तसं.

हे सगळं मी चालवून घेतलं. पण भैरंगाशी येऊन गाडं अडलं ते अडलंच. हैदराबादची एक कंपनी आमचा गेम बाजारात आणणार होती. त्यांना सोमवारपर्यंत शेवट हवा होता, नाहीतर करार रद्द. दोन वर्षांची मेहनत माझी, आणि सर वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून मला एकच विचारायचे.

"भैरंग कामून मरल?"

"भविष्यवाणी आहे म्हणून."

"त्याला मान्य हाय का?"

"सर, तो दुष्ट आहे! दुष्टाला कोण विचारतं?"

"तेच तर म्हणून राहिलो," असं म्हणून ते समाधानानं खिडकीबाहेर बघत बसायचे. जसं काही माझ्याकडून एखादा कबुलीजबाब मिळाला.

असं चाललेलं असताना एका दुपारी त्यांच्या वडिलांचा फोन आला. सरांना फोनवर कमी ऐकू यायचं, त्यामुळं त्यांचे सगळे फोन स्पीकरवर, आणि आम्हाला सगळे तोंडपाठ. आबा म्हणजे त्यांचे वडील. एरवी ते पाऊसपाण्याचं बोलायचे. त्या दिवशी सरळ म्हणाले, "येतुस का?"

"आबा, तुम्हाला ठावं हाय माझं."

"ठावं हाय. खुब्याचं हाड मोडलं नसतं तर इचारलं नसतं. आता थोरला तूच. थोरला जिता असताना दुसऱ्याला सोंग देत न्हाईत. तू न्हाई आलास तर औंदा जत्रा न्हाई. माझ्या हयातीत मोडली असं व्हईल बघ."

सरांनी फोन ठेवला आणि अर्चनाच्या खुर्चीवरून उठून माझ्या खुर्चीवर बसले. मी उभीच होते, तरी त्या दिवशी उठा म्हणाले नाही. जरा वेळानं ते म्हणाले, "ताई, शेवट जत्रा झाल्यावर लिहितो." जत्रा रविवारी होती. मी म्हणाले, मग मीही येते, लॅपटॉप घेऊन येते, आणि तुमचं काय ते सोंगढोंग झालं की तिथंच झाडाखाली बसवून शेवट लिहून घेते. सर म्हणाले, या की.

कंधार मागं पडलं. मग गाडीत सर बोलायला लागले. त्यांच्या गावात चैत्रात देवीची जत्रा भरते आणि वेशीत देवीची न् दैत्याची लढाई होते. देवीचं सोंग पिठाच्या गिरणीवाल्या अप्पांच्या घराकडं, आणि दैत्याचं सरांच्या घराकडं. आजा, पणजा, सगळे दैत्यच. बापानंतर थोरला मुलगा. सर कॉलेजला नांदेडला आले ते मुख्यतः यातून सुटायला, आणि त्यानंतर जत्रेला म्हणून गावात पाय ठेवलेला नव्हता.

"शाळेत मला नावानं कुणी हाक मारली न्हाई," ते म्हणाले. "दैत्याचं पोरगं म्हणायचे. त्या दिवशी माय घरात कान झाकून बसायची. भाईर समदं गाव वरडायचं, मेला, मेला, आन् टाळ्या. दर साली माझा बाप मरायचा ताई, आन् लोक टाळ्या वाजवायचे. एवढ्या सालांत एकानं तरी त्याला इचारलं का, बाबा रे, तुला व्हायचंय का दैत्य?"

मी गाडी चालवत राहिले. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात सोमवार होता.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वेशीजवळच्या लिंबाखाली बाज टाकून आबांना आणून निजवलं होतं, उशाला दोन वाकळा देऊन. काटकुळा माणूस, मिशा मात्र दैत्याला शोभतील अशा. मला बघून म्हणाले, "ये माय, बस. त्याच्या हाफिसातली नव्हं तू? लई तरास देतो का?" मी म्हणाले, लई. ते खूश झाले.

सर सोंग चढवायला गेले आणि मी बाजेच्या कडेला बसून आबांकडून जत्रेची रीत ऐकली. देवीचे दैत्यावर तीन वार. तिसऱ्या वाराला हलगीची चाल बदलते आणि दैत्य पडतो. पडल्यावर त्याला कुणी हात लावायचा नाही, उठ म्हणायचं नाही. तो आपल्या मनानं उठेपर्यंत गावात चूल पेटत नाही, कुणी पाणी पीत नाही, देवी देवळात परतत नाही. तो उठला की बायका त्याच्या डोक्यावर पाणी ओततात, मग जत्रा पार पडली.

"आणि समजा, उठलाच नाही तर?" मी विचारलं.

आबा हसले. "एका साली न्हाई उठलो. दुष्काळ व्हता. टँकर नुस्ता वरल्या आळीला थांबायचा, खालच्या वस्तीला पाणीच न्हाई. म्या पडलो ते पडलोच. दिवे लागायची येळ झाली, लेकरं रडाय लागली, पर म्या गप. शेवटी तवाचा सरपंच आला वाकून. म्हणला, उद्यापसून टँकर खालीबी जाईल, उठा आता. मग उठलो." जरा थांबून म्हणाले, "ह्याला कधी सांगितलं न्हाई. ह्यो ऐकायला ऱ्हायलाच कुठं?"

पुढं सोमवारी सरांनी मला नेमकी हीच रीत गेममध्ये घालायला लावली, आणि तिच्यापायी मी आजवर बोलणी खाते आहे. पण तेव्हा मी फक्त घड्याळ बघत होते.

हलगी वाजायला लागली. देवळाकडून देवी आली, म्हणजे गिरणीवाले अप्पा, हिरवं लुगडं नेसलेले, चेहऱ्यावर लाकडी मुखवटा. शेताच्या बाजूनं सर आले. काळं घोंगडं, तोंडाला काजळ, डोक्याला शिंगं. आमच्या ऑफिसात माऊसशी झटापट करणारा हा माणूस तिथं इतका मोठा दिसला की मी नकळत उभी राहिले. पहिला वार, दुसरा वार. तिसऱ्या वाराला चाल बदलली आणि सर पडले नाहीत.

हलगीवाल्यांना वाटलं, बऱ्याच वर्षांनी आलेत, चाल विसरले असतील. त्यांनी पुन्हा वाजवलं. अप्पांनी पुन्हा वार केला. सर उभेच. गर्दीत कुजबुज सुरू झाली. हे उभं राहणं मी ओळखत होते. तसेच ते माझ्या टेबलासमोर उभे राहायचे. आबांकडं बघितलं, तर ते डोळे बारीक करून लेकाकडं बघत होते.

शेवटी मुखवट्याच्या आतून अप्पांचा आवाज आला, साऱ्या वेशीला ऐकू जाईल असा. "पड की गा! लाकडात जीव चाललाय माझा!"

लोक हसले. सरांनाही हसू आलं असावं. ते आधी गुडघ्यावर आले, मग हळूच आडवे झाले. गाव ओरडलं, मेला, मेला. टाळ्या झाल्या. मी लॅपटॉपची पिशवी उचलली.

सर उठले नाहीत.

चांगला वेळ गेला. बायका भरलेल्या घागरी घेऊन उभ्या. अप्पांनी मुखवटा वर सरकवून वारा घेतला. सरपंचबाई पुढं आल्या, बांगड्या मागं सारत सरांशेजारी उकिडव्या बसल्या. त्यांनाही हा प्रकार माहीत असणार, कारण त्यांनी उठा म्हटलं नाही. म्हणाल्या, "सर, काय पायजे ते सांगा."

सरांनी डोळे मिटूनच सांगितलं. "पुढल्या सालापसून सोंग घराण्याचं न्हाई. इथं वेशीत इचारायचं. ज्याला मनापसून दैत्य व्हायचंय त्यानं व्हावं. कुणाच्या पोराच्या गळ्यात जन्माला आला म्हणून घालायचं न्हाई. मंजूर म्हणा, उठतो."

एकच गलका झाला. म्हातारे म्हणाले, असं कधी झालेलं नाही. तरुण म्हणाले, बोलायला काय हरकत आहे. सरपंचबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मंजूर करायला काही न्हाई. पर म्या म्हणते, आत्ताच इचारून बघू. नुस्तं मंजूर करून उद्या कुणीच आलं न्हाई तर?" त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बोला. कुणाला व्हायचंय दैत्य?"

तरुण एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. म्हातारे जमिनीकडं बघत होते. मी मनात देवाची प्रार्थना करत होते की कुणीतरी हो म्हणा रे, मला सोमवार आहे.

माझ्या शेजारच्या बाजेवरून एक हात वर आला.

"मला," आबा म्हणाले.

सरपंचबाई गडबडल्या. "आबा, तुमचं हाड..."

"हाड मोडलंय, ठावं हाय की. तू इचारलंस ना, कुणाला व्हायचंय? मग सांगून राहिलो. मला व्हायचंय." हात त्यांनी खाली घेतला नव्हता. "इतकी सालं झाली, कुणी इचारलं न्हाई म्हणून बोललो न्हाई."

सर ताडकन उठून बसले.

एका क्षणात सगळं संपलं. दैत्य उठला, म्हणजे हलगी वाजायलाच हवी, ती वाजली. अप्पा देवळाकडं निघाले. घराघरांतून चुली पेटवायला पोरी पळाल्या. बाजूचा एक जण कपाळाला हात लावून म्हणाला, "अरं सर, मंजूर म्हणायच्या आधीच उठलाव की! गेली तुमची मागणी." मी तर तोंडातल्या तोंडात जे काही म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी या माणसानं माझं, शाळेचं, हॉटेलवाल्याचं डोकं खाल्लं, ती हाताशी आलेली असताना हा बाबा उठून बसला.

सरांना त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. शिंगं तशीच डोक्यावर, ते बाजेपाशी येऊन जमिनीवर बसले. "आबा, खरंच?"

"मग काय खोटं? सालभर ह्याचं राब, त्याचं राब. कुणी घडीभर बसू देत न्हाई. त्या एका दिशी समदं गाव उभं, आन् म्या एकटा आडवा." आबांनी त्यांच्या तोंडावरचं काजळ अंगठ्यानं पुसलं. "तुला लई तरास झाला, ते कळलंय मला. पर मला बरं वाटायचं रे."

सर लहान पोरासारखे रडायला लागले. कान झाकून बसलेल्या त्या आईची मला आठवण झाली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं, आणि मलाही रडू आलं. त्याचाही मला रागच आला.

बायका घागरी घेऊन आल्या. रीतीप्रमाणं पाणी उठलेल्या दैत्याच्या डोक्यावर. सरांनी हात आडवा धरला आणि म्हणाले, आधी आबाला. सरपंचबाईंनी अख्खी घागर म्हाताऱ्याच्या डोक्यावर रिकामी केली, वाकळा, बाज सगळं भिजलं. आबा मिशांतून पाणी फुंकत हसत होते.

"आन् पुढल्या साली?" सरपंचबाईंनी रिकामी घागर कमरेवर घेत विचारलं. "रीत तर हाय तीच ऱ्हायली. तुमच्याच घराकडं येणार सोंग."

"येऊ द्या," सर म्हणाले. "पर मला इचारा."

सरपंचबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मग त्यांनी पदर सारखा केला आणि आमंत्रण द्यावं तसं नीट विचारलं, "सर, व्हाल का दैत्य?"

सरांनी आबांचा हात धरलेला होता.

"हाव, व्हईन," ते म्हणाले.